दुकानाचा जुना चौकोनी मॉनिटर मॅक मिनीला चालतो का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करतात. दुकानातला विंडोजचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. त्याचा १९ इंची चौकोनी मॉनिटर धड आहे म्हणून तो त्यांनी घरी आणून ठेवलाय. कन्येनं कॉलेजसाठी सेकंडहँड मॅक मिनी घेतला, एम१ चिपचा. मॉनिटरच्या मागे निळी व्हीजीए पिन, मॅकला एचडीएमआय. म्हणून त्यांनी कन्व्हर्टर आणला, सगळं जोडलं, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, मॅकला ॲपलचाच मॉनिटर लागतो. हे खरं का, नवा मॉनिटर घ्यावा का, आणि या मॉनिटरला स्पीकर नाहीत तर आवाज कुठून येणार, असं त्यांनी विचारलंय. सोबत कन्व्हर्टरचा फोटो आहे, त्यानं माझं निम्मं काम झालं.

दुकानदार म्हणतो ते आता खरं नाही. मॉनिटरला कॉम्प्युटरची जात कळत नाही. समोर विंडोज आहे, मॅक आहे, लिनक्स आहे की टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त ओळखीच्या पद्धतीचा आणि झेपेल त्या गतीचा सिग्नल लागतो. दुकानदाराच्या बोलण्याला जुनं मूळ मात्र आहे. नव्वदच्या दशकातल्या मॅकला मॉनिटरची पिन वेगळी असायची, दोन ओळींची. पुढे २००० साली ॲपलनं एडीसी नावाची पिन आणली. त्यात चित्र, यूएसबी आणि मॉनिटरची वीज एकाच केबलमधून जायची. तो मॉनिटर साध्या पीसीला लावायचा म्हणजे वेगळा डबा घ्यावा लागे. चारेक वर्षांत ती पिन गेली, पण बाजारात समज राहून गेला. तुमच्या कन्येच्या मॅक मिनीला मागे आहे ते साधं एचडीएमआय, टीव्हीला असतं तेच.

मग ‘नो सिग्नल’ का? फोटो नीट बघा. त्या कन्व्हर्टरला एका बाजूला व्हीजीएची नर पिन आहे, स्क्रूसकट, बाजूला यूएसबीचं शेपूट आहे, आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआयचं भोक. हा कन्व्हर्टर उलट्या दिशेचा आहे. जुन्या व्हीजीए कॉम्प्युटरचं चित्र नव्या एचडीएमआय टीव्हीवर न्यायला तो बनवलाय. हे काम विहिरीवरच्या मोटारीच्या फूटवॉल्व्हसारखं असतं, एकाच दिशेनं चालतं. उलटं जोडून काही जळणार नाही, पण चित्रही येणार नाही. तुम्हाला हवा तो ‘एचडीएमआय टू व्हीजीए’. त्याच्या एका टोकाला एचडीएमआयची नर पिन असते, ती सरळ मॅकमध्ये बसते. दुसऱ्या टोकाला व्हीजीएचं भोक असतं, त्यात मॉनिटरची तुमची जुनी निळी केबल जाते. काउंटरवर ‘एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर द्या’ एवढंच म्हटलं की हातात कुठलाही येतो. तेव्हा ‘कॉम्प्युटर एचडीएमआय, मॉनिटर व्हीजीए’ असं म्हणा आणि पिना बघून घ्या. काही शे रुपयांत मिळतो.

तिथंच तुम्हाला आणखी एक वस्तू दाखवतील, ती घेऊ नका. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए, आणि मध्ये नुसती दीड मीटर वायर, कुठं डबी नाही, फुगवटा नाही. दिसायला सुटसुटीत, किंमतही कमी. टोकाच्या प्लगमध्ये चिप दडवलेली असेल तर ती चालते, पण नुसत्या तारांची असेल तर कधीच चालणार नाही. कारण दोन्ही बाजूंची भाषाच वेगळी आहे.

व्हीजीए आयबीएमनं १९८७ साली आणलं, काचेच्या पिक्चर ट्यूबच्या जमान्यात. त्यात लाल, हिरवा, निळा अशा तीन तारा, आणि प्रत्येक तारेवर शून्य ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान वर-खाली होणारा दाब. दाब जास्त तर त्या जागी तो रंग उजळ, कमी तर मंद. सोबत आणखी दोन तारा, एक ‘आता नवी ओळ सुरू’ सांगणारी, दुसरी ‘आता नवं चित्र सुरू’ सांगणारी. एचडीएमआयमध्ये असं काही नसतं, तिथं आकडे धावतात. आकड्यांचे व्होल्ट करायला मध्ये चिप हवी आणि चिपला वीज हवी. ही वीज कन्व्हर्टर एचडीएमआयच्याच एका पिनेतून उचलतो. पण त्या पिनेवर कॉम्प्युटरनं किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढीच नियमाची हमी आहे. काही कन्व्हर्टर त्याहून जास्त ओढतात. मग चित्र येतं, पाच मिनिटांनी जातं, पुन्हा येतं, आणि लोक मॉनिटरला दोष देतात. म्हणून कन्व्हर्टरला मोबाइल चार्जरची छोटी पिन लावायची सोय असेल तर तोच घ्या, आणि चित्र लुकलुकत असेल तर तिथं चार्जर लावून बघा.

कन्व्हर्टर घ्यायच्या आधी मॉनिटर पालथा घालून खाली मान घाला, टॉर्च मारा. निळ्या पिनेशेजारी पांढरी, लांबट, चौकोनी भोकांची जागा दिसते का? त्यावर बऱ्याचदा प्लॅस्टिकची टोपी असते, ती वर्षानुवर्षं कुणी काढलेली नसते. ऑफिससाठी आलेल्या त्या काळच्या पुष्कळ १९ इंची मॉनिटरांना निळ्याच्या जोडीला हे पांढरं डीव्हीआय असायचं. दुकानात कॉम्प्युटरसोबत निळी केबल मिळाली म्हणून निळीच वापरली गेली. डीव्हीआय निघालं तर कन्व्हर्टर विसरा. एचडीएमआय आणि डीव्हीआयमध्ये चित्राचे आकडे एकाच पद्धतीनं जातात, नुसती ‘एचडीएमआय टू डीव्हीआय’ केबल पुरते. मध्ये चिप नाही, व्होल्ट नाहीत, अक्षर चाकूनं कापल्यासारखं येतं. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी आधी हे बघायला लावतो, मग पुढचं बोलतो.

डीव्हीआय नसेल असं धरू. योग्य कन्व्हर्टर आणला, जोडला, आणि आता ‘नो सिग्नल’ऐवजी ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ आलं, तर घाबरू नका. याचा अर्थ सिग्नल पोचला, मॉनिटरला झेपला नाही एवढाच. होतं असं की केबल जोडताच कॉम्प्युटर आधी मॉनिटरला विचारतो, बाबा तू कोण, तुझी मापं काय. मॉनिटरमध्ये एक बारकी मेमरी चिप असते, तिच्यात १२८ बाइटची त्याची ओळखचिठ्ठी असते. कंपनी, मॉडेल, पडद्यावरचे आडवे-उभे ठिपके, किती गती झेपते, सगळं तिच्यात. व्हीजीए केबलमध्ये ही चिठ्ठी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. स्वस्त केबल बनवणारे नेमक्या याच तारा वाचवतात. जुन्या कॉम्प्युटरवर ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथं कुणीतरी एकदा हातानं माप बसवून दिलं होतं. मॅकला चिठ्ठी मिळाली नाही की कन्व्हर्टर स्वतःचीच चिठ्ठी पुढं करतो, त्यावर १९२० बाय १०८० लिहिलेलं असतं, आणि तुमच्या १२८० बाय १०२४ च्या पडद्यावर तो भार येऊन पडतो.

उपाय म्हणून पहिल्यांदा केबल बदलून बघा. केबलच्या टोकात डोकावून पिना मोजा. तीन ओळी, पाच-पाच पिना. मधल्या ओळीतली नऊ नंबरची पिन पुष्कळ केबलींना मुळातच नसते, ते ठीक आहे. पण कुठली पिन वाकून आडवी झाली असेल तर तीच चोर. पक्कड लावू नका, तुटेल. शाळेतली पोरं वापरतात ती क्लच पेन्सिल घ्या, शिसं काढून टाका, आणि टोकाची धातूची बारीक नळी त्या पिनेवर अलगद बसवून हळूहळू सरळ करा. नळी पिनेला बरोबर कवेत घेते. या युक्तीनं मी किती केबली वाचवल्या असतील त्याची गणती नाही.

केबल बदलूनही तेच आलं, तर एम१ मिनीला दोन पडदे एकदम लावता येतात याचा उपयोग करा. घरचा टीव्ही एचडीएमआयवर लावा, आणि मॉनिटर टाइप-सी ते व्हीजीए असा कन्व्हर्टर घेऊन मागच्या थंडरबोल्टच्या, म्हणजे टाइप-सीच्या आकाराच्या, पोर्टला. टीव्हीवर बघत सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडा, त्या दुसऱ्या पडद्याचं माप १२८० बाय १०२४, ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं) करा. यादीत ते माप दिसत नसेल तर प्रगत पर्यायांत जाऊन सगळी मापं यादीच्या रूपात दाखवायला सांगा, लपलेली मापं वर येतात. एकदा बसवलं की मॅक लक्षात ठेवतो, टीव्ही काढून टाका.

चित्र आलं, पण गोल चाक अंड्यासारखं दिसतंय? तर माप अजून चुकलंय. तुमचा पडदा पाचास चार या प्रमाणाचा, आणि मॅक सोळास नऊचं चित्र त्यात दाबून बसवतोय. १२८० बाय १०२४ सोडून दुसरं काही ठेवू नका. एलसीडीला एकच खरं माप असतं, बाकीची सगळी ओढूनताणून बसवलेली.

आता ज्या गोष्टीसाठी लोक विनाकारण मॉनिटर बदलतात ती सांगतो. चित्र आलं, माप बरोबर, तरी अक्षरांना सावली, उभ्या पट्ट्यांत कुठं ठळक कुठं पुसट, डावीकडं काळी चीर. असं का? मॅकमध्ये प्रत्येक ओळीचे १२८० ठिपके सुटे सुटे असतात. कन्व्हर्टरनं त्यांची एक सलग लाट केली. मॉनिटरला त्या लाटेचे पुन्हा १२८० तुकडे करायचेत, आणि कुठं कापायचं ते कुणी सांगत नाही. त्यात लाटेच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा असते, ती धरून एका ओळीची लांबी १६८८ ठिपक्यांएवढी. मॉनिटर अंदाजानं कापतो. अर्धा ठिपका इकडंतिकडं झाला की अक्षर भुरकट. मेनूमध्ये ‘क्लॉक’ आणि ‘फेज’ हे दोन शब्द असतात ते यासाठीच, आणि पुढच्या पट्टीवरचं ‘ऑटो’ बटण हे दोन्ही आपोआप लावतं.

पण ऑटो दाबायच्या आधी पडद्यावर काय आहे ते महत्त्वाचं. मॉनिटर चित्राची कड शोधून माप काढतो. पाठीमागं रात्रीच्या रंकाळ्याचा काळोखा वॉलपेपर असेल तर त्याला कड सापडतच नाही, मग चित्र सरकतं. आधी पांढराशुभ्र वॉलपेपर लावा, त्यावर बारीक अक्षरांनी भरलेलं एखादं पान पूर्ण पडद्यावर उघडा, मग ऑटो दाबा आणि पाच सेकंद हात लावू नका. पडदा एकदा थरथरेल, थोडा डावी-उजवीकडं होईल, आणि एका क्षणी सगळी अक्षरं एकदम जागेवर येऊन बसतील. तरी पुसटपणा राहिला तर मेनूत ‘फेज’ एकेक आकडा वर-खाली करत बघा. मी बारीक ‘म’ अक्षराच्या उभ्या काड्यांवर नजर ठेवतो. त्या दोन्ही सारख्या काळ्या झाल्या की थांबायचं.

एवढं करूनही मॅकचं अक्षर विंडोजपेक्षा थोडं मऊ वाटेल. ते मॉनिटरचं दुखणं नाही. ॲपलनं २०१८ च्या मोहावे या मॅकच्या सिस्टिमपासून अक्षरांच्या कडा लाल-हिरव्या-निळ्या उपठिपक्यांवर गुळगुळीत करायची जुनी रीत सोडली, कारण त्यांचे स्वतःचे पडदे फार दाट ठिपक्यांचे झाले. तुमच्या १९ इंचीत एका इंचात साधारण ८६ ठिपके बसतात. तेच १२८० बाय १०२४ माप १७ इंचीत असतं तेव्हा ९६ बसतात, म्हणून जुना १७ इंची मॅकवर जास्त रेखीव दिसतो. कुणाकडे दोन्ही पडून असतील तर मी लहानाला हात घालीन. १९ इंची असेल तर थोडं मागं सरकून बसायचं, हातभर अंतर राहू द्या.

नवा मॉनिटर घ्यावा का, हा तुमचा प्रश्न आता सोडवता येईल. कन्येचं काम वाचन, टिपणं, प्रोग्रामिंग, वर्डमधले रिपोर्ट असं असेल तर घेऊ नका. उलट चौकोनी पडद्याला उभी जागा जास्त, १०२४ ठिपके. बाजारातल्या स्वस्त १८.५ इंची लांबट मॉनिटरला ती ७६८ असते. कागदाचं पान चौकोनीवर जास्त दिसतं, आणि कोडच्या ओळीही. पण ती डिझाइन शिकत असेल, फोटोवर किंवा छपाईच्या रंगांवर काम करणार असेल, तर स्पष्ट सांगतो, यावर भागवू नका. जुन्या पॅनेलमध्ये डोकं जरा वर-खाली केलं की रंग बदलतो, आणि पडद्यामागच्या उजेडाच्या नळ्या वापरून वापरून पांढऱ्याला पिवळी झाक आलेली असते. आपल्याकडे फ्लेक्सवाल्यांच्या पोरांना मी हे रोज सांगतो. स्क्रीनवर केशरी दिसलेला फेटा छापून आल्यावर तांबडा निघतो तो अशाच पडद्यांमुळं. विजेच्या भीतीनं मात्र टाकू नका. असा १९ इंची मॉनिटर ४० वॉट धरला तरी आठ तासांना एक तृतीयांश युनिट होतं.

पैसे घालायच्या आधी मॉनिटरची तब्येत तपासा. वर्षभर माळ्यावर असेल आणि मधे आपला पावसाळा होऊन गेला असेल तर लगेच प्लग लावू नका. दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग चालू करा. चालू केल्यावर चित्र दोन सेकंद दिसून अंधार झाला, आणि पॉवरचा दिवा हिरवाच राहिला, तर खोलीतले दिवे बंद करून टॉर्च पडद्यावर तिरकी मारा. अगदी फिकट, कोळशानं काढल्यासारखं चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, मागचा उजेड गेलाय. या वयाच्या मॉनिटरमध्ये पाठीमागं पाऱ्याच्या बारीक ट्यूबलाइट असतात, त्यांना जास्त व्होल्टेज देणारा इन्व्हर्टर असतो, आणि बहुतेक वेळा दोष त्याच्याही आधी, पॉवर बोर्डावरच्या कंडेन्सरमध्ये निघतो. झाकण काढलं की ओळखू येतात. धडधाकट कंडेन्सरची वरची टोपी सपाट असते, गेलेल्याची पोळी फुगावी तशी फुगते, कधी तपकिरी चिकट रस बाहेर आलेला असतो. चार-पाच कंडेन्सर बदलले की मॉनिटर आणखी काही वर्षं चालतो. बदलताना १०५ डिग्रीचे, लो-ईएसआर मागायचे, व्होल्ट तेवढेच किंवा वरचे. हे घरी उघडून करू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतका भार राहतो. कुठल्याही चांगल्या कारागिराचं तासाभराचं काम आहे.

पुराच्या पाण्यातून निघालेल्या मॉनिटरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कोल्हापुरात तसे अजूनही माळ्यांवर आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत आलं तेव्हा त्या बाजूच्या एका छोट्या ऑफिसातले चार मॉनिटर माझ्याकडे आले. त्यांनी तीन दिवस उन्हात वाळवले होते, आणि बाहेरून कोरडे दिसतात म्हणून दोन चालू करून पाहिले होते. दोन्हींचे पॉवर बोर्ड फुटले. मी उरलेले दोन उघडले तर आत गाळाचा पापुद्रा होता, बोटाला लागला की ओलसर. गाळ पाणी धरून ठेवतो आणि त्यातून वीज वाहते, हे बाहेरून दिसत नाही. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ब्रश मारून धुतले, आठवडाभर वाळवले. एक चालला. दुसऱ्याच्या पॅनेलमागच्या पांढऱ्या कागदांच्या थरात पाणी शिरलं होतं, चालू केल्यावर पडद्यावर नकाशातल्या बेटासारखा डाग दिसायचा. तो डाग जात नाही. तुमचा मॉनिटर पाण्यात गेलेला असेल तर त्यावर एक रुपया घालू नका.

आता जरा बाजूला जातो, पण विषय हाच आहे. जुना पडदा आणि वेगळा कॉम्प्युटर यांचं खरं अवघड लग्न मी शिवाजी उद्यमनगरात लावतो. तिथं २०-२५ वर्षांची सीएनसी मशिनं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांवर धातू कापणारी यंत्रं, अजून उत्तम माल काढतात, पण त्यांच्या पॅनेलमधली छोटी पिक्चर ट्यूब मंद होत जाते. कारखानदार म्हणतात, दुकानात पडलेला एलसीडी लावून द्या की. केबल करून दिली तरी चित्र येत नाही. कारण पिन जुळवणं सोपं, ताल जुळवणं अवघड. साधा व्हीजीए मॉनिटर सेकंदाला किमान साधारण ३१ हजार ओळी घेतो, आणि काही जुनी मशिनं १५ हजार ७०० च्या आसपास ओळी देतात. मॉनिटर म्हणतो, एवढ्या सावकाश मला चालत नाही. तिथं मध्ये एक बोर्ड लागतो. तो हळू आलेल्या ओळी साठवून दुप्पट वेगानं पुढं देतो. त्यातही आधी मीटर आणि ऑसिलोस्कोप लावून बघावं लागतं. काही मशिनांत रंगाच्या तारांवर ०.७ ऐवजी ५ व्होल्टचे पल्स असतात, ते सरळ बोर्डाला दिले तर बोर्ड जाऊ शकतो. पण जमलं की समाधान वेगळंच. अंधारलेल्या पडद्याशी डोळे फोडून आकडे वाचणारा ऑपरेटर पहिल्यांदा स्वच्छ आकडे बघतो तेव्हा तो काही बोलत नाही, फक्त फडक्यानं नवा पडदा पुसतो.

त्यामानानं तुमचं काम फार सोपं आहे. मॅक आणि तुमचा मॉनिटर यांचा ताल जुळतोच, फक्त भाषांतर करणारा दुभाषी हवा.

याच्याशी जोडून नेहमी येणाऱ्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो. जुना आयमॅक, म्हणजे पडद्यातच कॉम्प्युटर असलेला मॅक, नव्या कॉम्प्युटरचा मॉनिटर म्हणून वापरता येतो का? काहींचा येतो. २००९ च्या अखेरचा आणि २०१० चा २७ इंची मिनी डिस्प्लेपोर्टनं, २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंतचे थंडरबोल्टनं, कमांड आणि एफ२ दाबून. पण त्या आयमॅकवर हाय सिएरा किंवा त्याआधीची सिस्टिम हवी, आणि ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे समोरचा मॅकही २०२० च्या आधीचा हवा, त्यामुळे तुमच्या एम१ ला तो मार्ग नाही. २०१४ च्या अखेरच्या ५के आयमॅकपासून ती सोयच गेली. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर जुन्या व्हीजीए मॉनिटरला लावणाऱ्या पोरांनी चार्जिंगची पिन असलेलाच कन्व्हर्टर घ्यावा. आणि सेटटॉप बॉक्स लावल्यावर ‘आउट ऑफ रेंज’ येत असेल तर बॉक्स ५० हर्ट्झवर आहे का बघा. आपल्याकडचा टीव्ही ५० चा, कॉम्प्युटरचे बरेच जुने मॉनिटर ६० च्या खाली उतरत नाहीत. बॉक्सच्या मेनूत ६० करता आलं तर काम झालं.

मॅकवर सिनेमे बघताना काही ॲपमध्ये चित्र काळं येईल, आवाज मात्र चालू राहील. तो बिघाड नाही. एचडीएमआयमध्ये चोरी रोखायचं कुलूप असतं, व्हीजीएमध्ये ते नाही, त्यामुळे काही ॲप कन्व्हर्टरमागच्या पडद्याला चित्र द्यायला नकार देतात. डीव्हीआय निघालं तर ही अडचण बऱ्याचदा राहत नाही. कन्येला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर एखाद्या रविवारी ती सगळ्या केबली उपसून बसेल.

मॉनिटर शेवटी नाहीच चालला, तर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. मागच्या नळ्यांत पारा आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच तो अखंड पोचवा.

आवाजाचं तुम्ही विचारलं होतं. व्हीजीएमधून आवाज जात नाही, पण मॅक मिनीच्या पोटात एक छोटा स्पीकर आहे. तो आपोआप चालू झाला नाही तर सेटिंगमध्ये साउंड, आउटपुट, आणि तिथं मॅक मिनीचा स्पीकर निवडा. लेक्चर ऐकायला तो पुरतो. गाण्यांसाठी दुकानातले जुने दोन स्पीकर असतील तर त्यांची हिरवी पिन मिनीच्या मागच्या हेडफोनच्या भोकात सरळ बसते. दुकानाचा कीबोर्डही टाकू नका, यूएसबीचा असेल तर मॅकला चालतो. विंडोजची खूण असलेलं बटण तिथं कमांडचं काम करतं, आणि ऑल्ट हे ऑप्शनचं. पहिले चार दिवस बोटं चुकतील.

कन्व्हर्टर बदलून आणलात की पिनांचा एक फोटो मला पाठवा, जोडायच्या आधी बघून सांगतो.